कोलामीची व्याकरणे आणि कोलामांची शाळा

कोलामी भाषेची दोन व्याकरणे पाच वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध झाली. पहिले सेतुमाधवराव पगडी यांचे, १९५० मधील, दुसरे एम. बी. एमेनो यांचे, कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५५ मध्ये प्रकाशित केलेले. पगडी हे हैदराबाद राज्याच्या प्रशासकीय सेवेतील अधिकारी. त्यांच्या व्याकरणाचा आधार आदिलाबादकडील बोली हा होता. एमेनो हे तौलनिक द्राविड भाषाशास्त्राचे अध्वर्यू; त्यांनी वर्धा जिल्ह्यातील बोली वर्णिली. या दोन प्रदेशांच्या मध्ये यवतमाळ जिल्हा येतो. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांतील पोडांवर कोलामांची मोठी वस्ती असूनही दोहोंपैकी एकाही व्याकरणाचा मुख्य आधार तेथील बोली नाही. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत, ही गोष्टही येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

एमेनो यांच्या ग्रंथाची थोरवी निर्विवाद आहे. गोंडी, तेलुगू आणि मराठी यांच्या वेढ्यात राहणाऱ्या कोलामीचे सख्खे नाते यांपैकी कोणाशीही नसून नाईकी, तसेच बस्तरकडील परजी आणि गदबा यांच्याशी आहे, हे त्यात सप्रमाण दाखविले आहे. परंतु तौलनिक अभ्यासाची एक अपरिहार्य अट असते : जुने आणि उसने यांची निवड करावी लागते आणि उसने बाजूला ठेवावे लागते. कुळाचा शोध घेणाऱ्यास हे योग्यच आहे. तथापि, भाषा टिकविण्याच्या कामी हीच दृष्टी जशीच्या तशी उचलली गेली, तर मात्र अनर्थ ओढवतो.

कोलामीतील संख्यावाचकांचेच उदाहरण घ्यावे. चारापर्यंतचे शब्द भाषेचे स्वतःचे आहेत. पाचापासूनचे तेलुगूतून आलेले आहेत. इतिहासकाराला येथे एक सांधा दिसतो. पोडावरच्या मुलाला तो दिसत नाही. त्याच्या लेखी एकापासून दहापर्यंतची मोजणी ही एकसंध कोलामीच असते. शुद्धतेच्या आग्रहाने पाठ्यपुस्तककाराने उसने शब्द वगळून नवे शब्द घडविले, तर त्या मुलापुढे मराठीइतकीच परकी अशी आणखी एक भाषा उभी राहील. आईच्या तोंडी जी आहे तीच मातृभाषा, उसन्या शब्दांसह.

याउलट, व्याकरणांत अध्यापनास उपयोगी असे पुष्कळ आहे आणि त्याचा लाभ घेतला गेला पाहिजे. कोलामीत एकवचनी नामांची लिंगे दोन : पुरुषवाचक आणि इतर. स्त्री, झाड, दगड ही सर्व दुसऱ्या वर्गात पडतात. अशा भाषेतून आलेल्या मुलाचा मराठीतील ‘ती’ आणि ‘ते’ यांत गोंधळ होणे अगदी स्वाभाविक आहे. त्याला मंदबुद्धीचे लक्षण समजणारा शिक्षक आणि त्यामागे दुसऱ्या भाषेची सुसंगत व्यवस्था पाहणारा शिक्षक, या दोघांच्या हाताखाली एकाच मुलाची वाटचाल वेगवेगळी होईल. हे ज्ञान ग्रंथालयात आहे. ते मराठीतून शिक्षकांच्या प्रशिक्षणात उतरले पाहिजे.

लेखनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कोलामीत ए आणि ओ या स्वरांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकार आहेत. घर या अर्थाच्या ‘ऎल्ला’ या शब्दातील पहिला स्वर ऱ्हस्व आहे. मराठीच्या रूढ देवनागरीत हा भेद दाखविण्याची सोय नाही. तेलुगू लिपीत ती आहे. पैनगंगेपलीकडे, तत्कालीन आंध्र प्रदेशात, २००४ मध्ये आठ आदिवासी मातृभाषांतून प्राथमिक शिक्षणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात कोलामीचा समावेश होता आणि तिची पुस्तके तेलुगू लिपीत होती. मराठी शाळेत शिकलेल्या कोलामाला ती वाचता येणार नाहीत. नदीच्या दोन तीरांवर दोन लिप्या नांदल्यास त्यात बिघडत नाही. परंतु एका लिपीतील मजकूर दुसरीत निर्दोष उतरेल अशी लेखनपद्धती दोन्हीकडे हवी. दाक्षिणात्य भाषांच्या लिप्यंतरासाठी ऱ्हस्व ए-ओची देवनागरी चिन्हे पूर्वीच योजलेली आहेत. ती स्वीकारण्यास शास्त्रीय अडचण कोणतीच नाही.

तरीही केवळ अक्षरमालेने भाषा टिकत नाही. प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याविषयीचा ३५०-क हा अनुच्छेद संविधानात १९५६ मध्ये आला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तोच विचार पुन्हा आला. परंतु मातृभाषेकडे केवळ मराठीपर्यंत पोचविणारी शिडी म्हणून पाहिले, तर वर चढल्यावर शिडी काढून घेतली जाणार हे ठरलेलेच आहे. पालकांना मुलांनी मराठी उत्तम शिकावी असे वाटते, आणि ही अपेक्षा रास्त आहे; कोर्टकचेरी, बाजार, नोकरी ही सारी मराठीत आहेत. तथापि, मराठी शिकण्यासाठी कोलामी विसरण्याची गरज आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. आश्रमशाळेत हा प्रश्न विशेष तीव्र होतो. तेथे वर्गाबरोबरच मुलाची संध्याकाळही घराबाहेर जाते, आणि भाषा जेथे सहज मुरते ते आजी-आजोबांचे सान्निध्य वर्षातील बहुतेक दिवस अंतरते.

२०११ च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा सांगणारे देशभरात १,२८,४५१ होते. त्याच जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात ‘कोलाम, मन्नेरवारलू’ या नोंदीखाली १,९४,६७१ लोक आहेत. ही नोंद संयुक्त असल्याने दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करणे योग्य नव्हे. परंतु जमातीचे नाव आणि जमातीची भाषा यांत अंतर पडले आहे, एवढे निश्चित.

म्हणून आजवरच्या कोलामी-अध्ययनावर मुख्य आक्षेप असा घ्यावा लागतो की, ही भाषा कोठून आली याचा विचार उत्तम झाला. ती पुढे कोणाशी बोलली जाणार याचा झाला नाही. यवतमाळच्या बोलीचे मराठीतून लिहिलेले वर्णन, पैनगंगेच्या दोन्ही तीरांना मान्य होईल अशी लेखनपद्धती, आणि पहिलीनंतरच्या इयत्तांतही वाचता येईल असा, पोडावरच्याच जाणत्यांकडून मिळविलेला मजकूर, ही तीन कामे उरली आहेत. विद्यापीठांतील भाषाविभागांना ती परकी नाहीत. व्याकरण दीडशे वर्षांनीही वाचता येते. ते वाचून दाखविणारे आजोबा मात्र तोवर थांबत नाहीत.