'अधांतर' : परतवाड्यातून वाचताना

जयंत पवारांचे 'अधांतर' हे नाटक 1997 साली रंगभूमीवर आले. 1982 च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळमधील एक कामगार कुटुंब कसे विस्कटत जाते, हे त्यात दिसते. गिरणगावाची शोकांतिका म्हणून ते वाचले गेले आणि ते योग्यच होते. परंतु परतवाड्यात बसून वाचताना वेगळाच प्रश्न मनात येतो : गिरणी गेली, ती कुठे गेली?

यातल्या एका गिरणीचे उत्तर आपल्या दारातच आहे. 2005 साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतील पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. जमिनीच्या पैशातून उरलेल्या गिरण्यांचे आधुनिकीकरण करायचे, असे धोरण होते. तिकडे टॉवर आणि मॉल उभे राहिले. इकडे अचलपुरात, जुन्या विदर्भ मिलच्या मागे, मुंबईच्या फिनले मिलचे नाव आले. एका शहराच्या कायापालटाचा दुसरा तुकडा असा इमादशाहीच्या राजधानीत आणि इंग्रजांच्या जुन्या छावणीशेजारी येऊन पडला.

'अधांतर'चे सामर्थ्य त्याच्या खोलीत आहे. पुनर्विकास म्हणजे चटईक्षेत्राचा हिशेब नव्हे, तर आईची चूल आणि मुलांची घुसमट, हे नाटक दाखवते. मर्यादाही तिथेच आहे. नाटकाचे जग त्या खोलीच्या भिंतींपाशी संपते. गिरणीच्या स्थलांतराने ज्या गावात नवी आशा जागवली, ते गाव त्याच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही.

हा दोष एकट्या पवारांचा मानणे अन्यायाचे होईल. 1990 च्या सोलापूर संमेलनापासून मुस्लिम मराठी साहित्याने अस्मितेचे, दंगलींचे, स्त्रीच्या हक्काचे प्रश्न हिमतीने मांडले. मात्र मागावर आणि मिलमध्ये राबणारा आपला माणूस कथानायक म्हणून त्यात क्वचितच येतो. अचलपूरविषयी लिहिताना आपण दरवाजे, दर्गे आणि नवाबांत रमतो. पाळी संपवून घरी परतणारा कामगार मात्र नजरेतून निसटतो.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत फिनलेचे चाक थांबले. गिरणगावाची व्यथा ज्या गावाने लांबून ऐकली होती, तेच गाव आता अधांतरी आहे. मुंबईच्या दुःखाला नाटककार लाभला. परतवाड्याच्या दुःखाला लेखक हवा असेल, तर त्याची वाट मुंबईकडे पाहून बघण्यात अर्थ नाही. तो आपल्यातूनच उभा राहायला हवा.