गडचिरोलीतील अर्धांगवायू : एका मृत्युगणनेची मर्यादा

‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे प्रभृतींचा २०१५ चा निबंध मौलिक आहे, यात संशय नाही. गडचिरोलीच्या ८६ गावांतील १५९९ मृत्यूंपैकी २२९ अर्धांगवायूचे. अरण्यप्रदेशात हाच रोग मृत्यूचे प्रथम कारण ठरला. परंतु कारणनिश्चिती आप्तांच्या जबानीवर आधारलेली आहे, आणि मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बुजली की फुटली, हे सी. टी. चित्राखेरीज कळत नाही. गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावयाचे; रक्तस्राव असता तेच प्राणघातक. तेव्हा कितीजणांचा रक्तप्रवाह पूर्ववत् करता आला असता, हे या आकड्यांतून काढू पाहणे गैर होय. झटक्यानंतर महिना उलटून दगावलेले निम्म्याहून अधिक होते, ही नोंद मात्र शुश्रूषेच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे.