शिफारसपत्रातील विशेषणे

‘शिफारस’ हा शब्द फारसीतून आला; ‘सदर उमेदवार होतकरू, मेहनती व सुस्वभावी असून’ हा साचा मात्र आपला आहे. त्यात उमेदवार बदलला तरी वाक्य अबाधित राहते, म्हणजे ते कोणाविषयीच काही सांगत नाही. (प्रस्तुत लेखकानेही अशी पत्रे लिहिली आहेत.)

१९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांची कथा येथे आठवावी. गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली व नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. परीक्षक, साधन, उणीव सारे स्पष्ट. परंपरेनुसार त्या निर्णयामुळेच नामदेव औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले.

आपल्या विद्यार्थ्याला दूरच्या विद्यापीठात कोणी ओळखत नसते. तेथे पत्र हीच त्याची साक्ष. ‘सेनगावकडील बोलीचे ध्वनिमुद्रण करून त्याने ते स्वतः उतरवून काढले, सांख्यिकीत मात्र तो कच्चा आहे’ हे वाक्य दुसऱ्याच्या पत्रात बसणार नाही. अर्थात गोरोबांचा निर्णय तोंडावर झाला, आपले पत्र पाठीमागे जाते. हा भेद लहान नाही. म्हणून उणीव लिहावी ती विद्यार्थ्यास आधी सांगून.