शके कोणते?

परप्रांती नोकरी करणाऱ्यास पगाराची तारीख सर्वत्र एकच मिळते. तिथी मात्र प्रांतागणिक बदलते. उत्तरेत बदली झाली त्या वर्षी वडिलांच्या श्राद्धासाठी आम्ही तेथील पंडितजींना ‘श्रावण वद्य पंचमी’ सांगितली आणि श्राद्ध एक महिना आधीच होऊन गेले. तिकडे महिना पौर्णिमेस संपतो. आपला श्रावण वद्य पक्ष तो त्यांचा भाद्रपद कृष्ण. एकाच नावाने दोघांनी दोन पंधरवडे मोजले, एवढेच घडले.

हा अनुभव गाठीस असल्यामुळे राष्ट्रीय दिनदर्शिकेकडे आम्ही किंचित कठोर दृष्टीने पाहतो. डॉ. मेघनाद साहा यांच्या समितीने सुमारे तीस पंचांगे तपासून १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र १८७९ ठरला. वर्षारंभ वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी. वैशाख ते भाद्रपद एकतीस दिवसांचे, बाकीचे महिने तिसांचे, लीप वर्षी चैत्र एकतिसांचा. रचना सुबक आहे. दोष नामकरणात आहे. या सौर गणनेस आपल्या चांद्र महिन्यांचीच नावे आणि शालिवाहनाचाच शक दिला गेला. त्यामुळे २०२५ च्या गुढीपाडव्यास, म्हणजे ३० मार्चला, राजपत्राच्या हिशेबी ९ चैत्र १९४७ होता. आणि आधीचे आठ दिवस सरकारी शक १९४७ चालू असता घरच्या पंचांगात शके १९४६ चा फाल्गुन सरावयाचा होता.

त्याच पाडव्यास उत्तरेत विक्रम संवत २०८२ लागला. गुजरातेत कार्तिकापर्यंत २०८१ च राहिला. येथेही घोटाळा समान नावाचाच. उलट त्याच वर्षी लागलेले बंगाली सन १४३२ अथवा केरळातील कोल्लम वर्ष १२०१ कोणास फसवीत नाही. जुन्या मराठी कागदांतील शुहूर सनही तसाच: आकडे अरबी शब्दांत, आरंभ मृगास, आणि ५९९ वा ६०० मिळविले की इसवी सन. तो दुर्बोध वाटेल, पण शकाशी त्याची गल्लत होत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. सरकारी दिनांकामागे ‘सौर’ हा शब्द नेहमी लिहावा, आणि परप्रांती राहणाऱ्याने घरच्या तिथीपुढे तेथील महिनाही नोंदवावा. आमच्या वहीत वडिलांच्या तिथीपुढे आता कंसात ‘भाद्रपद कृष्ण’ लिहिलेले आहे.