मराठी साहित्यातील समुद्र आणि झाडीपट्टी

मराठी काव्यातील समुद्राविषयी लिहिणारे टीकाकार बहुधा कोकणच्या किनाऱ्यावरून निघतात आणि तेथेच परततात. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रदेशांचा त्या चर्चेशी काही संबंध असेल, अशी शंकाही त्यांस शिवत नाही. आमच्या मते ही चूक केवळ भूगोलाची नाही. तिच्यामुळे आमच्या टीकेस एक संपूर्ण रंगभूमी नीट पाहता आलेली नाही.

प्रथम दोन सर्वमान्य कविता घेऊ. सावरकरांची ‘सागरा प्राण तळमळला’ ही १९०९ साली इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर जन्मली. कुसुमाग्रजांचे ‘कोलंबसाचे गर्वगीत’ १९४२ च्या ‘विशाखा’त आहे. दोहोंची थोरवी निर्विवाद होय. पहिलीतील समुद्र मातृभूमीपासून ताटातूट करणारा, तर दुसरीतील माणसाच्या ईर्ष्येस आव्हान देणारा. परंतु दोन्ही ठिकाणचे पाणी अटलांटिकच्या बाजूचे आहे. मौज अशी की, हे दोन्ही कवी नाशिकचे. आणि नाशिकची गोदावरी तर अरबी समुद्र जवळ असता त्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते. सिरोंच्याजवळ वर्धा व वैनगंगा यांचे पाणी घेऊन आलेली प्राणहिता तीस मिळते, आणि मग ती बंगालच्या उपसागराचा रस्ता धरते. तेव्हा या कवींच्या घरच्या नदीची समुद्राकडील वाट गडचिरोलीवरूनच जाते.

एकोणिसाव्या शतकात या वाटेने जहाजे आणण्याचा घाटही घातला गेला होता. आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेने गोदावरी व प्राणहिता नौकानयनास योग्य करून वर्धेच्या खोऱ्यातील कापूस समुद्रास पोचवावा, अशी ती योजना. नदीतील खडकांच्या रांगांनी ती हाणून पाडली आणि १८७१ च्या सुमारास तो नाद सोडावा लागला. जहाजांच्या रूपाने समुद्र येथे आला नाही.

तो येतो आकाशमार्गाने. हिंदी महासागराचे वैशिष्ट्य हे की, उत्तरेस तो भूमीने बंद झालेला आहे. म्हणून ऋतूबरोबर त्याचे वारे दिशाच पालटतात. अरबी समुद्राकडील ढग आपले बरेचसे पाणी सह्याद्रीवर रिते करतात. पूर्व विदर्भास मोठा आधार बंगालच्या उपसागरावरून ओडिशा व छत्तीसगड ओलांडून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा. तो पाऊस गावोगावच्या मालगुजारी तलावांत साठतो, तलावांवर धान पिकते, आणि धान घरात आले म्हणजे झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम उभा राहतो. दिवाळीच्या सुमारास मंडई भरू लागतात, शंकरपट रंगतात, वडसा येथील नाट्यमंडळ्यांस गावोगावची आमंत्रणे येतात. आणि थंडीत चादरी पांघरून हजारो माणसे रात्रभर नाटक पाहतात. आभाळाने हात आखडला, किंवा अतिवृष्टीने पीक वाहून नेले, तर त्या वर्षी गावाचा हातही आखडतो.

येथे कोणी म्हणेल, ‘या हिशेबाने तर पावसाची प्रत्येक कविता सागरकाव्य ठरेल!’ आक्षेप योग्य आहे, आणि तसा आमचा दावाही नाही. या नाटकांत समुद्र शोधू गेल्यास तो बहुधा सापडावयाचा नाही. पण एखाद्या कलेचा काळ, तिचा खर्च आणि तिचा प्रेक्षक हे तिन्ही जेथे एका महासागराच्या वाऱ्यांवर अवलंबून असतात, तेथे त्या महासागराचा संस्कृतीवरील प्रभाव नाकारणे हा शब्दपूजेचा अतिरेक झाला.

झाडीपट्टीच्या नाटकास शहरी टीकेने भडक, लांबलचक, गाण्यांनी फुगवलेले अशी विशेषणे दिली आहेत. ती सर्वस्वी खोटी आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळ संहिता दुबळ्या असतात. परंतु दोन-अडीच तासांच्या नाट्यगृहाचे माप या रंगभूमीस लावणे अन्यायाचे होय. हे नाटक वर्षभराच्या चिखलाचे आणि कापणीचे फेडलेले देणे आहे. ते रात्रभर चालते, कारण प्रेक्षकास त्या रात्री घाई नसते. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली. सन्मान आला, समीक्षा मात्र अजून यावयाची आहे.

म्हणून आमची टीकाकारांस विनंती इतकीच की, मराठीतील समुद्राविषयी पुन्हा लेखणी उचलण्यापूर्वी त्यांनी कोकणच्या पुळणीबरोबर वडशाच्या धानाच्या बांधीतही एक रात्र काढावी. तेथे लाटांचा आवाज ऐकू येणार नाही. पण नाटकाच्या मंडपाखाली जी जमीन असेल, ती तीन महिन्यांपूर्वी समुद्राच्याच पाण्याखाली होती, हे त्यांस निश्चित आठवेल.