‘प्रदूषण नियंत्रणाखाली’ : एका प्रमाणपत्राची अर्थमीमांसा

मोटारवाहनांच्या धुरासंबंधीचे धोरण हा अभियंत्यांचा व विधिज्ञांचा विषय समजला जातो. तथापि धोरण हे अखेर शब्दांतच अवतरते. म्हणून त्याची चिकित्सा भाषेच्या अंगाने करणेही अप्रस्तुत ठरू नये.

१९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांतील ११५ व्या नियमान्वये वाहनधारकास जे प्रमाणपत्र बाळगावे लागते, त्यात ‘प्रदूषण नियंत्रणाखाली’ असल्याचे विधान असते. ‘आग आटोक्यात आली’ असे आपण म्हणतो, तेव्हा ती आणणारा कोणीतरी गृहीत असतो. येथे मात्र कर्ता लुप्त आहे. शिवाय ‘नियंत्रण’ म्हणजे किती? जुन्या चारचाकी पेट्रोल गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो. भारत स्टेज ४ च्या गाडीस मर्यादा ०.३ टक्के. दहापट अंतर असलेल्या दोन अवस्थांना एकच शब्द लावला जातो, आणि वाचणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. पेट्रोल गाडीची परीक्षा होते ती ती उभी असताना. डिझेल गाडीचा केवळ धूर किती दाट, हे पाहिले जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे या दोन्ही परीक्षांत मोजलीच जात नाहीत. म्हणजे विधान सर्व प्रदूषणाविषयी, आणि पुरावा एका अंशाचा, तोही काही मिनिटांचा. लोकभाषेने हे केव्हाच ओळखलेले दिसते. मराठी माणूस पीयूसी ‘काढतो’. तिकीट काढावे, तशी. तपासणीत ‘उतरण्याचे’ क्रियापद त्याच्या तोंडी येत नाही.

याच्या उलट भारत स्टेजची मालिका. ‘स्टेज’ या शब्दात क्रम अभिप्रेत आहे. पण १ एप्रिल २०१७ रोजी देशभर लागू झालेल्या चौथ्या पायरीवरून १ एप्रिल २०२० रोजी एकदम सहावी गाठली गेली. इंधनातील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले. गंधक घटल्याखेरीज डिझेलवरील नवी शोधनयंत्रणा नीट टिकतच नाही. तेव्हा येथे शब्दामागे द्रव्य होते, असे निःसंकोच म्हणता येते.

अर्थात कारखान्यातील परीक्षाही निर्दोष नव्हे. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेत एक आणि रस्त्यावर दुसरे वर्तन करीत, हे २०१५ साली अमेरिकेत उघड झाले. गाडीस जणू परीक्षेची भाषा तेवढी अवगत होती! भारतात प्रत्यक्ष रस्त्यावरील मोजणीच्या मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाल्या, त्याही नव्या गाड्यांच्या नमुन्यांपुरत्या. रस्त्यावर आधीच धावणाऱ्या गाडीस ही कसोटी नाही. तिच्या प्रमाणपत्रावर ‘अमुक दिवशी, गाडी उभी असता, अमुक वायू इतके टक्के’ एवढेच ठळक अक्षरांत छापले, तर विधान पुराव्याच्या मापाचे होईल. आणि न मोजलेल्या वायूंचा रकाना कोरा दिसेल.