ख्रिस्ती अपत्यसंगोपन व विवाहसिद्धता : दोन ग्रंथांचें परीक्षण

मिशनऱ्यांचीं व ख्रिस्ती लेखकांचीं जुनीं पुस्तकें धर्मप्रचाराचें साहित्य म्हणून आमचे संग्राहक बहुधा बाजूस ठेवितात. आमच्या मतें तीं गृहजीवनाच्या इतिहासाचीं साधनें होत. मूल कसें वाढवावें व त्यास विवाहास योग्य कसें करावें, यासंबंधीं ख्रिस्ती दृष्टि काय होती हें पाहण्यासाठीं आम्ही येथें दोन ग्रंथ घेतों. त्यांपैकीं एकाचा संबंध वऱ्हाडाशीं निकट आहे.

पहिला ग्रंथ बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचें ‘यमुनापर्यटन’. हें १८५७ सालीं प्रसिद्ध झालें व मराठींतील पहिली कादंबरी म्हणून गणलें जातें. यमुना व विनायक हें सुशिक्षित दांपत्य प्रवासास निघतें, ठिकठिकाणीं विधवांची दैना पाहतें, आणि अखेर तोच प्रसंग यमुनेवर ओढवतो. पात्रें प्रवचनें फार करितात, हा दोष उघड आहे. तथापि पतिपत्नी एकत्र विचार करितात, एकमेकांस प्रश्न विचारितात, हें चित्र त्या काळीं नवें होतें. विवाहाची खरी तयारी म्हणजे बुद्धीची व शीलाची तयारी, हें मत ग्रंथकारानें उपदेशापेक्षां या संवादांतून अधिक चांगलें सांगितलें आहे. उणीव इतकीच कीं, अशी यमुना घडविण्यास आईबापांनीं घरीं काय करावें, याचा विचार त्यांत मुख्य नाहीं.

दुसरा ग्रंथ अकोल्यास मिशनकार्य केलेल्या जेनी फुलर यांचा. हिंदी स्त्रीवरील अन्यायांचें निरूपण करणारें हें इंग्रजी पुस्तक १९०० सालीं निघालें. त्यास पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. बालविवाह, सक्तीचें वैधव्य, जनाना, मुरळ्या, देवदासी इत्यादि विषय बाईंनीं कळकळीनें मांडिले आहेत. परंतु अन्यायांचीच मोजदाद करावयास बसल्यावर चांगलें घर दृष्टीस पडत नाहीं. परदेशस्थ वाचकाची करुणा जागी करणें हा हेतु असल्यामुळें, मुलीस मायेनें लिहावयास शिकविणारा बाप अशा ग्रंथांत सहसा शिरत नाहीं. फिर्याद म्हणून पुस्तक प्रबळ आहे. साक्ष म्हणून तें एकांगी आहे.

आम्हीं संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलें, म्हणून स्मृतीकडे पाहिल्यावांचून राहवत नाहीं. मनु नवव्या अध्यायांत गुणहीन वरास कन्या देण्यापेक्षां ती आमरण घरीं राहिली तरी बरें म्हणतो, आणि त्याच अध्यायांत तीस वर्षांच्या पुरुषास बारा वर्षांची वधूहि सांगतो. एका वचनावरून धर्माचा निवाडा करूं नये, हा न्याय ख्रिस्ती पक्षासहि लागू आहे. पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत मुलांनीं आईबापांची आज्ञा पाळावी असें आहे, व लगेच बापांनीं मुलांस चिरडीस आणूं नये असेंहि आहे. कर्तव्य दोहों बाजूंचें मानिलें, हा या उपदेशाचा विशेष. परंतु १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यानें देशी ख्रिस्ती लोकांच्या विवाहाचा दाखला देण्याच्या प्रकारांत वराचें वय सोळाहून व वधूचें तेराहून अधिक असलें म्हणजे पुरे मानिलें होतें. १९२९ च्या शारदा कायद्यानें हीच मर्यादा सर्वांसाठीं अठरा व चौदा केली. म्हणजे ग्रंथांतील आदर्श उंच होता; कायदा त्याच्या बराच खालीं होता.

मग घरांत प्रत्यक्ष काय घडत होतें? हाच खरा प्रश्न, आणि या दोन ग्रंथांपैकीं एकहि त्याचें उत्तर देत नाहीं. एकांत आदर्श आहे, दुसऱ्यांत आरोप आहे. १८९७ व १९०० च्या दुष्काळांत पोरकीं झालेलीं पुष्कळ मुलें मिशनांच्या आश्रयास आलीं. त्यांचे आईबाप मिशनच, व सोयरीक जुळविणारेंहि तेंच. बापांस केलेला पौलाचा उपदेश तेथें कितपत पाळला गेला?

याचें उत्तर विवाहनोंदींच्या वह्यांत सांपडेल. त्या कायद्याच्या नमुन्यांत वधूवरांचें वय, पूर्वस्थिति, धंदा, वसतिस्थान व पित्याचें नांव यांचे रकाने आहेत. वधूनें सही केली कीं अंगठा उठविला, एवढ्यावरूनहि तिच्या शिक्षणाविषयीं पुष्कळ कळतें. पोरक्या मुलीच्या पित्याच्या रकान्यांत काय लिहिलें, यावरून त्याहून अधिक. सनदा व बखरी जपणारांनीं या वह्याहि जपण्याजोग्या मानाव्या. अमरावती–अकोल्याकडील ज्या घरांत वा देवळांत अशा वह्या, पत्रें, शाळेचे दाखले असतील, त्यांनीं वाळवीच्या आधीं त्यांच्या नकला करून ठेवाव्या. आमच्या या परीक्षणांतील मत त्या कागदांनीं खोटें ठरविलें, तरी आम्हांस समाधानच वाटेल.